बारीक तारांच्या दोन जोड्या

दिनानाथ काकांचं मॅन्डोलिन मी तीनदा मोजलं होतं. तारा खाली जिच्यावर टेकतात त्या घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत तारेची लांबी चौतीस पूर्णांक आठ दशांश सेंटीमीटर, तिन्ही वेळा तेवढीच. बोटानं दाबायचे पडदे वीस. तारा आठ, म्हणजे दोन-दोनच्या चार जोड्या. कोणत्या पडद्यापासून कोणत्या पडद्यापर्यंत काकांची दोन बोटं आरामात पोचतात, हेही मी वहीत लिहून ठेवलं होतं. तरीही पुढे जे झालं ते माझ्या चुकीनं झालं.

मी नाशिकची. पुण्यात फिजिक्समध्ये एमएस्सी केलं आणि दोन वर्षांपूर्वी इंदूरजवळ राऊ गावातल्या एका लॅबमध्ये नोकरी लागली. कारखान्यांतले दाबमापक, तापमापक, वजनकाटे बरोबर दाखवतात की नाही हे तपासून सर्टिफिकेट द्यायचं, हे आमचं काम. राहायला राजेंद्र नगरमध्ये दिनानाथ काका आणि अरुंधती काकूंच्या घरी, वरच्या मजल्यावर. काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, पण कॉलनीत त्यांची ओळख मॅन्डोलिनवाले अशीच. चाळीस वर्षं त्यांनी लग्नांत आणि गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलं. दोघांच्याही तीन पिढ्या इंदुरात गेलेल्या, त्यामुळे क्रियापद मराठी आणि बाकी जे तोंडात येईल ते, अशी त्यांची भाषा. माझ्या बोलण्याला ते ‘रेडिओवालं मराठी’ म्हणत.

गेल्या वर्षी काकांना पॅरालिसिसचा सौम्य झटका येऊन गेला. बोलणं महिन्याभरात सुधारलं, चालणंही. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र सुधारली नाहीत. वाकायची, पण तार दाबण्याइतका जोर त्यांच्यात नव्हता. काकांनी मॅन्डोलिनच्या तारा सैल केल्या आणि ते कपाटावर ठेवून दिलं.

एका रविवारी काकू वर आल्या.

“तू ते नंबरवालं गिटार वाजवतेस ना, कागद पाहून? यांच्यासाठी काही ढूंढ ना. दोन उंगल्यांत बसेल असं.”

“काका त्यांची जुनी गाणीच सोपी करून का नाही वाजवत?”

“बसले होते एक दिवस. चार सुरांत उठले. म्हणाले, हा मी नाही, ही माझी नक्कल आहे.”

मला ते पटलं. जुनं गाणं हाती घेतलं की माणूस आपल्याच जुन्या वाजवण्याशी तुलना करणार. म्हणून त्यांनी कधी वाजवलं नाही, कधी ऐकलंही नाही असं काहीतरी हवं होतं. कॉलेजात असताना मी जुनं ल्यूटचं संगीत थोडं वाचलं होतं. ल्यूट म्हणजे अर्ध्या भोपळ्यासारख्या पोटाचं, तारा छेडून वाजवायचं युरोपातलं वाद्य. चार-पाचशे वर्षांपूर्वी त्यासाठी लिहिलेल्या वह्या आता स्कॅन होऊन ग्रंथालयांच्या साइटवर फुकट मिळतात. गंमत म्हणजे त्यांत सूर लिहिलेलेच नसतात. सहा रेघा, म्हणजे सहा तारा, आणि त्यांवर अक्षरं. अक्षर सांगतं की बोट कितव्या पडद्यावर ठेवायचं, बस. कोणता सूर निघेल ते तारच सांगणार.

शिकाऊ लोकांसाठीच्या एका वहीत मला तीन छोटे नाच, म्हणजे नाचासाठीच्या धुना, सापडले. संथ, आणि पुष्कळ सूर मोकळ्या, बोट न दाबलेल्या तारांवरचे. पण ल्यूटला सहा तारा आणि मॅन्डोलिनला चार जोड्या, शिवाय त्या वेगळ्या सुरांत लावलेल्या. त्यामुळे नुसतं उतरवून चालणार नव्हतं. आधी अक्षरांवरून सूर काढायचे, मग ते सूर मॅन्डोलिनवर कुठे मिळतात ते शोधायचं, आणि जिथे पर्याय असेल तिथे पहिल्या दोन बोटांनी जमणारी जागा निवडायची. मी त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तिसरं बोट लागेल तिथे दंड, ताणावं लागेल तिथे दंड, आणि सगळ्यांत कमी दंडाची मांडणी निवडायची. प्रत्येक सुराला सा धरून, सगळ्या पट्ट्यांत बसवून पाहिल्यावर पहिल्या नाचात फक्त नऊ जागा तिसऱ्या बोटाच्या उरल्या. मी खूश झाले. चार रेघांवर मोठ्या आकड्यांत छापून काढलं. शून्य म्हणजे मोकळी तार, दोन म्हणजे दुसरा पडदा.

काकांनी कागद लांब धरून पाहिला.

“हे काय, टेलिफोन नंबर आहेत?”

“बोट कुठे ठेवायचं त्याचे नंबर आहेत, काका. सुरांचा विचारच करायचा नाही.”

“एकदा ऐकव तर. मोबाइलवर असेल ना तुझ्या.”

माझ्याकडे होतं. कॉम्प्युटरवर मी तिन्ही नाच वाजवून पाहिले होते, सुरेल वाटत होते. पण मी नाही म्हटलं. “ऐकलंत की तुलना कराल. फक्त आकडे पाहून वाजवा, रोज वीस मिनिटं. फिजिओथेरपी समजा.”

“जी मॅडम,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठ दिवसांच्या ट्रेनिंगला पुण्याला गेले. जाताना काका खाटेवर बसून तारा चढवत होते. मला रिक्षा मिळाली होती, म्हणून मी थांबले नाही.

शुक्रवारी परत आले, तेव्हा फाटकाशीच काकूंनी गाठलं.

“रविवारी मुकुल येतोय, मॅन्डोलिन घेऊन जायला.”

मुकुल काकांचा शिष्य. पंचेचाळिशीचा, स्वतःचा ऑर्केस्ट्रा चालवणारा. मी म्हटलं, “दुरुस्तीला?”

“कायमचं. यांनीच फोन करून दिलं त्याला. मी विचारलं तर म्हणतात, पडून राहण्यापेक्षा बरं. तुझे कागद घेऊन दोन दिवस बसले, तिसऱ्या दिवशी बंद. तेव्हापासून नीट जेवत पण नाहीत.”

बॅग जिन्याखाली ठेवून मी आत गेले. काका पेपर वाचत होते, निदान समोर धरून होते.

“आकडे कठीण वाटले का, काका?”

“नाही गं. नंबर काय, बच्चा पण वाचेल.”

“मग?”

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिकडे कुकरची शिट्टी झाली, तेव्हा हळू आवाजात म्हणाले, “हिला सांगू नकोस. घाबरून जाईल. मला वाटतं, दुसरा झटका येऊन गेलाय.”

मी समोरच्या स्टुलावर बसले.

“कधी? काय झालं?”

“झालं काही नाही. तेच तर. तुझा कागद समोर ठेवला. दोन लिहिलंय, दुसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं. मला दिसतंय की ठेवलंय. पण सूर निघतो भलताच. मी पन्नास वर्षं वाजवलंय, बेसूर मला कळतं. कोणी कितीही विलायती असू दे, असं लिहिणार नाही. मतलब मला जिथे बोट दिसतंय तिथे ते नाही. नाहीतर वाचतोय ते वेगळं आणि समजतोय ते वेगळं. डॉक्टर म्हणाले होते ना, असं होऊ शकतं म्हणून.”

“कदाचित मीच चुकीचे आकडे...”

“तू एमएस्सी आहेस. तू तीनदा मोजलंस, मी पाहत होतो.” ते अगदी सहज, हिशेब पूर्ण झाल्यासारखं म्हणाले. “आणि सगळीकडे होत नाही. जाड तारांवर एकदम बरोबर. बारीक तारांच्या दोन जोड्यांवर गेलो की गडबड. अर्धं डोकं ठीक, अर्धं नाही. असंच असतं हे.”

मला त्यांच्या हाताकडे पाहवेना. आठ दिवस हा माणूस मनात हे घेऊन बसला होता, आणि ज्या कागदामुळे ते आलं तो कागद माझा होता. पण ‘फक्त बारीक तारांवर’ हे मला विचित्र वाटलं. दोष मेंदूत असला तर तो तारांची जाडी बघून येईल का? मला आधी घोडीची शंका आली. मॅन्डोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानंच जागेवर राहते. तारा वर्षभर सैल होत्या. घोडी एका बाजूनं जरी सरकली असेल तर त्या बाजूचे सगळे सूर बिघडणार.

“काका, मॅन्डोलिन आणू का खाली?”

“आता काय फायदा?”

“पाच मिनिटं.”

मी कपाटावरून ते उतरवलं. घोडी तपासण्याची रीत सोपी आहे. मोकळी तार छेडायची, मग बाराव्या पडद्यावर दाबून छेडायची. दोन्ही वेळा एकच सूर यायला हवा, नुसता वरच्या सप्तकातला. मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप सुरू करून मी ते काकांसमोर ठेवलं.

“आधी तुमच्या हिशेबानं सुरात लावा.”

“लावलेलंच आहे. कालच लावलं. त्याला द्यायचं तर बेसुरं कसं देणार?” तरी त्यांनी कान खाली नेला, एका खुंटीला जेमतेम स्पर्श केला आणि जाड तारांची जोडी छेडली.

ॲपचा काटा बरोबर मध्ये येऊन थांबला. खाली सुराचं इंग्रजी अक्षर, जी. दुसरी जोडी, काटा मध्ये, डी. मला आतून बरं वाटलं, कारण कानाला काही झालं असतं तर इतकं नेमकं लागलंच नसतं. मग काकांनी तिसरी जोडी छेडली.

काटा पुन्हा अगदी मध्ये. अक्षर जी.

मी ॲप बंद करून परत सुरू केलं. पुन्हा जी. चौथी जोडी, डी.

“काका, ही तिसरी जोडी ए वर लावायची असते ना? आणि चौथी ई वर?”

“ए-बी-सी मला नको सांगू. हा सा, हा प, हा वरचा सा, हा वरचा प.” चारही जोड्या त्यांनी खालून वर छेडल्या. स्वच्छ, भरलेला आवाज आला. “चिंतामण मास्तरांनी असंच लावायला शिकवलं. गायक मध्येच थांबला, खोकला, तरी मागे सा-प चालू राहतो.”

माझ्या वहीत पहिल्याच पानावर चार अक्षरं होती: जी, डी, ए, ई. मॅन्डोलिनच्या तारा कशा लावतात हे मी इंटरनेटवर पाहिलं होतं आणि तिथे सगळीकडे तीच चार अक्षरं होती, म्हणून मी ती लिहिली होती. काकांना विचारलं नव्हतं. जाड दोन जोड्या योगायोगानं जुळत होत्या. बारीक दोन जोड्या काकांच्या वाद्यावर माझ्या गृहीतापेक्षा दोन-दोन पडदे खाली होत्या. म्हणजे बोट बरोबर दुसऱ्या पडद्यावर ठेवलं तरी निघणारा सूर पूर्ण एक स्वर खालचा येणार, दर वेळी, फक्त त्या दोन जोड्यांवर. त्यांनी सांगितलेलं प्रत्येक लक्षण बरोबर होतं.

लॅबमध्ये कुठलंही यंत्र आलं की आम्ही आधी त्याचा शून्य बघतो. काटा मुळात कुठे उभा आहे ते न बघता पुढची मोजमापं घेणाऱ्याला आमचे साहेब दारातूनच परत पाठवतात. मी लांबी तीनदा मोजली होती आणि शून्य एकदाही बघितला नव्हता.

“काका, तुमचं बोट बरोबर पडत होतं,” मी म्हटलं. “वाचतही बरोबर होतात. कागद चुकीचा आहे. मी धरून चालले की तुमच्या तारा दुसऱ्याच सुरांत लावलेल्या आहेत.”

त्यांना लगेच समजलं नाही. मी त्यांना पहिली ओळ वाजवायला लावली, आणि बारीक तारांवरच्या प्रत्येक आकड्यात दोन मिळवायला सांगितले. शून्याच्या जागी दोन, दोनाच्या जागी चार. चौथ्या पडद्यासाठी त्यांना हात सरकवायला लागत होता, ताल तर नव्हताच. पण ओळ संपता संपता सूर खाली उतरून सा वर येऊन टेकला, तसा तो तिथे येणार हे आधीच कळल्यासारखी त्यांची मान हलली.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाजवली. मग तारा छेडायची पिक तारांखाली खोचून ठेवली.

“मतलब मी ठीक आहे?”

“तुम्ही ठीक आहात.”

“पक्कं?”

“चूक माझी होती. सॉरी, काका.”

काकांनी मॅन्डोलिन बाजूला ठेवलं. मग खांदे हलायला लागले आणि डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसणं होतं की दुसरं काही हे मला नक्की सांगता येणार नाही. काकू हातातल्या चिमट्यासकट बाहेर आल्या.

“काय झालं यांना?”

“अगं, ही एमएस्सी,” काका माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. “हिनं मला आठ दिवस मरीज बनवून ठेवलं. लिहिलं एक, तारा दुसऱ्या. आणि मी समजलो, दुसरा अटॅक.”

“मला सांगायचं नव्हतं ना?” काकू म्हणाल्या. “रोज सकाळी आरशासमोर तोंड वाकडं करून बघता, तेव्हाच समजलं मला. सोमवारची अपॉइंटमेंट घेऊन ठेवलीये डॉक्टरांची. तुम्हाला सोमवारीच सांगणार होते.”

“बघ,” काका मला म्हणाले. “या घरात सगळे एकमेकांपासून लपवतात आणि सगळ्यांना सगळं माहीत असतं.”

“आणि तू, रेडिओवाली,” काकू माझ्याकडे वळल्या, “आठ दिवसांत एक फोन करून विचारता नाही आलं, की काका कसं चाललंय?”

त्यांनी मला जेवायला थांबवून घेतलं आणि भात वाढताना पुन्हा एकदा तेच ऐकवलं.

शनिवारी सुट्टी होती. मी प्रोग्रॅममध्ये ती चार अक्षरं बदलली आणि पुन्हा चालवला. तारा माझ्या हिशेबाप्रमाणे वर चढवून घ्याव्यात, असंही एकदा मनात आलं होतं. पण पन्नास वर्षं ज्या सा-प वर हात बसलाय तो हलवायला सांगणारी मी कोण? शिवाय जुन्या तारा चढवताना तुटल्या असत्या. प्रोग्रॅमचं उत्तर आलं तेव्हा मी ते हातानं पडताळून पाहिलं, कारण विश्वास बसेना. पहिल्या नाचात तिसऱ्या बोटाच्या जागा नवावरून दोनावर आल्या होत्या. थोडा विचार केल्यावर कारण समजलं. मधल्या दोन जोड्यांमधलं अंतर आता ल्यूटच्या तारांसारखंच झालं होतं, त्यामुळे मूळ वादकाची बोटं जिथे पडत असतील, जवळजवळ तिथेच काकांची पडत होती. आणि त्या नाचांत खालचा सूर सारखा सा नाहीतर प च होता, तो मोकळ्या तारांवर आपोआप मिळत होता. चिंतामण मास्तरांची पद्धत इंटरनेटपेक्षा या कामाला जास्त योग्य होती.

उरलेल्या दोन जागा घेऊन मी खाली गेले. “इथे तिसरं बोट टाळता येत नाहीये.”

काकांनी दोनदा वाजवून पाहिलं. “सोडून दे ना हे दोन सूर. खाली मोकळा सा वाजू दे. ऐकणाऱ्याला वाटेल, वर काहीतरी वाजून गेलं.”

“पण वहीत आहे तो सूर.”

“वही लिहिणारा आता विचारायला येणार आहे का?”

मी ते दोन सूर कागदावरून खोडले. ऐकताना खरंच ते नाहीत हे जाणवलं नाही.

रविवारी दहाच्या सुमारास मुकुल आला, येताना मॅन्डोलिनसाठी नवीन कव्हरही घेऊन. काकूंनी पोहे आणि चहा दिला. काका आतून मॅन्डोलिन घेऊन आले, पण ते त्याच्या हातात न देता स्वतःच मांडीवर घेऊन बसले. मी त्यांच्यासमोर स्टुलावर कागद उभा केला.

नाच संथ होता. त्यांनी तो आणखी संथ घेतला. दोन ठिकाणी थांबले, एक ठिकाण परत घेतलं. पण सूर जिथे जायचे तिथे गेले. मुकुलचा पोह्यांचा चमचा मध्येच थांबला होता.

“गुरुजी, हे कोणत्या रागात आहे?”

“विलायती आहे भिया. चारशे-पाचशे साल पुरानं.”

“विलायती कसलं? मागे तर तुमचा सा-प लागलाय.”

“तीच तर बात आहे.”

“एक मिनिट,” मुकुल कागदाकडे झुकला. “हे नंबर काय आहेत? बोटं अशी लिहून येतात? मतलब हे मला पण वाजवता येईल?”

“तुझ्या तारा कशा लावलेल्या आहेत ते आधी हिला सांग,” काका म्हणाले. “नाहीतर सरळ हॉस्पिटलात पोचशील.”

मुकुलला त्यातलं काही कळलं नाही, मग काकूंनी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि माझी बाजू त्यात फारशी चांगली आली नाही. तासाभरानं तो निघाला. कव्हर इथेच ठेवून गेला. मॅन्डोलिनचा विषय त्यानं काढला नाही आणि काकांनीही नाही.

काकूंनी सोमवारची अपॉइंटमेंट मात्र रद्द केली नाही. डॉक्टरांनी काकांना डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं, सरळ रेषेत चालवलं, हाताचा जोर पाहिला. सगळं गेल्या वेळेसारखंच होतं. पहिली दोन बोटं उलट थोडी सुधारली होती. रोज काय करता, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, नंबर वाजवतो.

त्या संध्याकाळी लॅबमधून येऊन मी वर चहा करत होते. खालून दुसरा नाच ऐकू येत होता, शनिवारी छापून दिलेला. तिसऱ्या ओळीत सूर चुकला. मी गॅस बारीक केला, कागद काढला आणि ती ओळ तपासली. आकडे बरोबर होते, ताराही बरोबर होत्या. चूक काकांची होती, घाई केली होती त्यांनी. खाली ते स्वतःवरच काहीतरी हिंदीत पुटपुटले आणि ओळ पुन्हा सुरुवातीपासून धरली.